हात वर करण्याची किंमत

(जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या आजी-माजी सदस्या आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण गप्पा मारत बसलो होतो. तेव्हा एकजण मला म्हणाली, "ताई, उद्या तुम्ही सभेच्या कामकाजावर बोलणार ना? मग मी आपली मागं बसते. डुलकी लागली तरी कुणाला दिसायला नको." आपण सगळ्याच हसलो. तिचं काही चुकलं नाही. विषयपत्रिका, इतिवृत्त, अनुपालन अहवाल, पुनर्विनियोजन हे शब्दच असे आहेत की डोळे मिटावेत. मोर्चाला जाताना अंगात बळ येतं, तसं इतिवृत्त वाचताना येत नाही.

पण इतकी वर्षं सदस्यांच्या शेजारी बसून हे कागद वाचल्यावर माझं एक मत झालं आहे. बाईला सत्तेत घेतल्याचं दाखवून सत्तेबाहेर ठेवायचं असेल, तर त्यासाठी सगळ्यात सोयीची जागा म्हणजे हे रोजचं, कंटाळवाणं कामकाज. खुर्ची तिला देतात, हारही घालतात. कामकाज मात्र दुसऱ्याच कुणाच्या हातात राहतं.

हे आजचं नाही आणि फक्त आपल्याकडचंही नाही, म्हणून सुरुवात जरा लांबून करते.

मुंबईतलं सँडहर्स्ट रोड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. लोकलनं जाताना कुणी त्या स्टेशनावर उतरलंही असेल. ते नाव पडलं लॉर्ड सँडहर्स्ट या गव्हर्नरवरून. १८९५ ते १९०० या काळात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. प्लेगच्या वर्षांत लोकांचा रोष ओढवून घेणारं सरकार त्याचंच. त्याच्या नावाचा रस्ता झाला, स्टेशन झालं. त्याच्या आईचं नाव मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही. मार्गारेट, लेडी सँडहर्स्ट. ती लंडनमध्ये निवडून आली होती, आणि कोर्टानं तिला घरी पाठवलं होतं.

झालं ते असं. १८८८ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये काउंटी कौन्सिलं स्थापन झाली. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. जानेवारी १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. कर भरणाऱ्या विधवा आणि अविवाहित बायकांना त्यात मत होतं, पण नवरा असलेलीला नव्हतं. बाई उमेदवार होऊ शकते की नाही, हे कायद्यात स्पष्ट नव्हतं. मग दोघी उभ्या राहिल्या आणि दोघीही निवडून आल्या. ब्रिक्स्टनमधून लेडी सँडहर्स्ट, आणि बो अँड ब्रॉम्ली या पूर्व लंडनच्या भागातून जेन कॉब्डेन. तिसरी, एमा कॉन्स, हिला कौन्सिलनंच 'आल्डरमन' म्हणून निवडून घेतलं. पदाच्या नावातच 'मन', म्हणजे पुरुष, बसलेला होता.

लेडी सँडहर्स्टकडून हरलेला उमेदवार बेरेसफर्ड होप कोर्टात गेला आणि जिंकला. कोर्टाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. कायद्यात एक कलम होतं की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. कोर्ट म्हणालं, ते मत देण्यापुरतं, निवडून येण्यापुरतं नाही. म्हणजे मत द्यायच्या वेळी 'तो' मध्ये 'ती' आली, खुर्चीवर बसायच्या वेळी 'ती' गळली. लेडी सँडहर्स्टला पडलेली मतं वाया गेली आणि हरलेले गृहस्थ तिच्या जागी जाऊन बसले.

जेन कॉब्डेनविरुद्ध हरलेला उमेदवार कोर्टात गेला नाही. कायद्यात अशी तरतूद होती की निवड चुकीची असली तरी बारा महिने उलटल्यावर तिला आव्हान देता येत नाही. वकिलांच्या सल्ल्यानं जेन कॉब्डेन वर्षभर सभांपासून आणि समित्यांपासून दूर राहिली. फेब्रुवारी १८९० मध्ये वर्ष संपलं, आणि ती कामाला लागली.

आता त्या कौन्सिलचं काम काय होतं? गटारं, पूल, रस्त्यांची रुंदी, आग विझवणारं दल, बागा. त्याच यादीत वेड्यांची इस्पितळं होती. पैसे घेऊन तान्ही बाळं सांभाळणाऱ्या घरांची तपासणीही होती. तिथे पोरं दगावत आणि कुणी विचारत नसे. सगळं आपल्यासारखंच, रोजचं. एकाही विषयात 'स्त्रीमुक्ती' असा शब्द नाही, आणि प्रत्येक विषयात बाई आहे.

जेन कॉब्डेननं या कामात मत दिलं. लगेच सर वॉल्टर डिसूझा नावाच्या एका सदस्यानं तिच्यावर आणि एमा कॉन्सवर खटला भरला. म्हणणं असं, की निवड बेकायदा, म्हणून दिलेलं मतही बेकायदा, तेव्हा दंड करा. कोर्टानं ते मान्य केलं. दंड होता अडीचशे पौंड. एप्रिल १८९१ मध्ये अपिलात तो नाममात्र पाच पौंडांवर आला. दंड भरू नकोस, तुरुंगात जा, असं काही साथीदार सांगत होते. तिनं ते केलं नाही. मे महिन्यात कायदा बदलण्याचा प्रयत्नही पार्लमेंटात पडला.

आणि मग जे झालं ते मला सगळ्यात बोचतं. उरलेल्या मुदतीत जेन कॉब्डेन सभागृहात येऊन बसत राहिली. तिनं तोंड उघडलं नाही आणि हात वर केला नाही. बसण्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती हात वर करण्याला. बायकांना काउंटी कौन्सिलवर निवडून येण्याचा हक्क देणारा कायदा व्हायला १९०७ साल उजाडलं. १९१० मध्ये सुझन लॉरेन्स आणि हेन्रिएटा ॲडलर या दोघी लंडन कौन्सिलवर कायदेशीरपणे निवडून आल्या. पहिल्या निवडणुकीनंतर एकवीस वर्षांनी.

आता आपल्या घरी येऊ. काउंटी कौन्सिल आणि जिल्हा परिषद या सख्ख्या बहिणी नव्हेत, पण नात्यातल्या आहेत. इंग्रजांनी १८८४ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात लोकल बोर्डं आणली. स्वातंत्र्यानंतर, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या. महाराष्ट्रानं १९९० मध्ये बायकांसाठी तीस टक्के जागा राखल्या. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं देशभर किमान एक तृतीयांश झाल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्रात निम्म्या. जेन कॉब्डेनला जे नव्हतं ते सगळं आपल्याकडे आहे. आपल्या मताला कुणी बेकायदा म्हणू शकत नाही.

मग आपलं मत जातं कुठं?

एका सदस्येची हकिगत सांगते. नाव आणि जिल्हा सांगत नाही. तिच्या गटातल्या आरोग्य उपकेंद्राचं छत गळत होतं. पावसाळ्यात बाळंतपणं करणं अशक्य, म्हणून बायकांना जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावं लागायचं. ती दोन वर्षं दुरुस्तीसाठी अर्ज देत होती. अंदाजपत्रकात रक्कम धरलीही गेली, पण काम सुरू होईना. शिबिरात आम्ही तिच्या पिशवीतले कागद काढून वाचत बसलो. एका सभेच्या इतिवृत्तात सापडलं, की आयत्या वेळच्या विषयात ती रक्कम एका रस्त्याच्या कामाकडे वळवली आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सूचक म्हणून एका पुरुष सदस्याचं नाव होतं, आणि अनुमोदक म्हणून हिचं.

ती कागदाकडे बघतच राहिली. म्हणाली, "मी त्या दिवशी बोललेच नाही हो."

तेच तर! लंडनच्या बाईला दिलेल्या मताबद्दल दंड झाला. आपल्या बाईचं न दिलेलं मत नोंदवलं गेलं, तेही तिच्याच गावच्या बायकांविरुद्ध. शांत बसलेली बाई कामकाजात कोरी राहत नाही. तिच्या गप्प बसण्याचं 'सर्वानुमते' होतं.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीसारखाच होता, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी अनुमोदन दिलेलं नाही. नोंद दुरुस्त करा." व्यासपीठावरून उत्तर आलं, "वहिनी, बसा, नंतर बघू." ती म्हणाली, "इथं मी सदस्य आहे, वहिनी घरी." आणि उभीच राहिली. शेवटी तिचं नाव वगळलं गेलं. त्या वर्षी पैसे परत आले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण त्यानंतर तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कुठं घातलं गेलं नाही. पुढच्या अंदाजपत्रकात उपकेंद्राची रक्कम पुन्हा आली, तेव्हा ती कुठं जाते यावर तिची नजर होती.

यातून घ्यायचं काय, ते थोडक्यात सांगते.

पहिलं म्हणजे पाकीट. सभेची सूचना घरी येते तेव्हा पाकीट कोण फोडतं? नवरा, दीर की मुलगा? वाचता येत नसेल तर वाचून घ्या, पण मुलीकडून, सुनेकडून, गटातल्या बाईकडून. फोडायचं आपण.

दुसरं, इतिवृत्त. ते कायम होण्याआधी वाचायचं. आपलं नाव कुठं आहे, आपण जे बोललो ते आलं आहे का, हे बघायचं. विरोध केला असेल तर तो नोंदवायला लावायचा. सभागृहात ओरडलेलं हवेत विरतं आणि कागदावरचं राहतं.

तिसरं, आयत्या वेळचे विषय. चार तास झालेले असतात, जेवणाची वेळ टळलेली असते, आपल्याला एसटी गाठायची असते. नेमके तेव्हाच हे विषय येतात. शेवटपर्यंत बसा. निदान आळीपाळीनं बसा, पक्ष कुठलाही असो.

चौथं, समित्या. माझ्या पाहण्यात बायकांना महिला व बालकल्याण समितीत बसवण्याकडे कल असतो. ती समिती महत्त्वाचीच आहे. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. तो शिलाई यंत्रं आणि पिठाच्या गिरण्यांपलीकडे जातो का, आणि वर्षाअखेर किती अखर्चित राहतो, हे विचारायचं. पण वित्त आणि बांधकाम समितीतही जागा मागा. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ बालकल्याणातून येत नाही, बांधकामातून येतो.

आणि ज्या सदस्या नाहीत, त्या कार्यकर्त्यांसाठी पाचवं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं इतिवृत्ताची प्रत आपल्याला मागता येते. आपण जिल्हा परिषदेवर मोर्चा नेतो, निवेदन देतो, फोटो काढतो आणि परततो. त्या निवेदनाचं सभेत काय झालं, हे आपण कितीदा विचारलं? ती सदस्या एकटी उभी राहते, कारण बाहेर आपण तिचे कागद वाचलेले नसतात. निवडून आलेली म्हणजे पक्षाची, आपली नव्हे, असं म्हणून आपणही तिला एकटं टाकलं आहे. ही टीका मी स्वतःवरही करते आहे.

शेवटी, या कंटाळवाण्या सभांची किंमत आपल्याला कधी कळली ते आठवा. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाचे आणि गटरचनेचे वाद कोर्टात अडकले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासक होते. बांधकामं झाली, बिलं निघाली, परिपत्रकंही आली. फक्त सभा नव्हती. प्रश्न विचारायला कुणी उभं राहत नव्हतं, आणि निम्म्या जागा आपल्या असूनही बसायला खुर्चीच नव्हती. तेव्हा कित्येकजणी म्हणाल्या, ती कंटाळवाणी सभा असती तर बरं झालं असतं.

जेन कॉब्डेनला गप्प बसवायला खटला, कोर्ट आणि दंड एवढं सगळं लागलं. आपल्याला गप्प बसवायला 'वहिनी, बसा' एवढंच पुरू नये.

आता जेवणाची सुट्टी. त्यानंतर प्रत्येकीनं आपापल्या शेवटच्या सभेचं इतिवृत्त काढायचं आणि त्यात स्वतःचं नाव शोधायचं. सापडलं तर पेन्सिलीनं खूण करायची आणि शेजारणीला सांगायचं की हे मी खरंच बोलले होते की नाही. तिथून पुढचं सत्र सुरू करू. आणि मागं बसणारीनं पुढं यायचं.