दोन शहरं, बारा दिवस

परदेशातून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न विचारतात. एक, ‘काय काय पाहिलंत?’ आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, ‘एकूण लागले किती?’ पहिल्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा येतो. म्हणून श्रोतेहो, मी दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

मी सोलापूरचा. बी.ए. झालो, कचेरीत नोकरी धरली, मराठीत कविता लिहिल्या. या तिन्हींपैकी कशानेही माणूस युरोपला पोहोचत नाही, याबद्दल आमच्या मोहल्ल्यात एकमत आहे. त्यासाठी एक तर पोरगा तिकडे नोकरीला हवा, नाहीतर प्लॉट विकलेला हवा. आमच्याकडे दोन्ही नाही. तरी हिवाळ्यात, रमजानच्या आधी, आम्ही तिघं जाऊन आलो. मी, बेगम आणि आमचे मित्र ड्रॉइंगचे सर. सरांनी ३१ वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. मायकेलअँजेलो, कॅराव्हॅज्जो ही नावं तालुक्याच्या पोरांना त्यांनीच सांगितली. पण दाखवायला त्यांच्याकडे जुन्या पुस्तकातून कापलेली काळी-पांढरी चित्रं, तीही डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवलेली. अस्सल चित्र मुंबईच्या पलीकडे कुठे असतं, ते त्यांना माहीत होतं, एवढंच.

पैसा जातो तो तीन ठिकाणी: विमान, व्हिसा आणि खोली. युरो शंभर रुपयांचा धरा, म्हणजे हिशेब सोपा जातो. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना ती नाही, सहा ते अकरा वर्षांपर्यंत निम्मी. वर व्हिसा केंद्राचा आकार वेगळा, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, तेव्हा कागद नीट लावावेत. पण या एका शिक्क्यावर २९ देश उघडतात. ज्या देशात जास्त रात्री काढणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. घाईत काढलेलं विमानाचं तिकीट महाग पडतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि इथेच लोकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते, असं माझं मत आहे. एवढे पैसे घातले, २९ देश उघडले, मग निदान आठ तरी बघून घेऊ! सहलीच्या कंपन्यांना मी नावं ठेवत नाही. म्हातारी माणसं, पथ्यपाणी, भाषेची धास्ती, या सगळ्यांत त्या कंपन्यांचा मोठा आधार असतो. पण एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यात पैसाही जातो आणि दिवसही. आम्ही दोनच शहरं धरली, रोम आणि पॅरिस. रोमला उतरायचं, पॅरिसहून परतायचं. मध्ये एक स्वस्त विमान. त्यात फक्त लहान पिशवी फुकट नेता येते, म्हणून सगळ्यांनी अंगावर दोन-दोन स्वेटर चढवले.

सोबत काय न्यायचं? चटणी, चिवडा, भाकरी, शेंगदाण्याची पोळी खुशाल न्या. पेढे, तूप, खवा नेऊ नका. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

रोममध्ये आम्ही सिस्टर लोकांच्या मठात उतरलो. तिथे असे बरेच मठ आहेत, प्रवाशांना खोल्या देतात. खोली साधी, फरशी लख्ख, सकाळी पाव आणि कॉफी, आणि रात्री अकराला दार बंद. आमच्यासारख्या नऊला झोपणाऱ्यांना त्याची काय अडचण! शहराचा कर मात्र दर रात्री दर माणशी वेगळा द्यावा लागतो, तो हिशेबात धरावा. पहिल्याच सकाळी बेगमने सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. म्हाताऱ्या सिस्टरबाईंना इंग्रजी बेताचंच. त्यांनी खिडकी उघडून हात करून दाखवलं, आणि कशासाठी ते कळल्यावर खुर्ची बाजूला सरकवून जागा करून दिली. जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेली बाई तिथे आग्नेयेकडे उभी राहिली. भूगोल कळायला लागतो तो असा.

आता पाहण्याचं सांगतो. आमच्या खर्चाच्या वहीत हाच रकाना सर्वांत हलका राहिला. कोलोसियमपासून थोडा चढ चढलं की सान पिएत्रो इन विंकोली नावाचं चर्च लागतं. बाहेरून अगदी साधं, पाच कमानींची पडवी. दुपारी साडेबारा ते तीन बंद असतं, म्हणून सकाळीच गेलो. सर दाराशी घुटमळले. म्हणाले, ‘‘तिकीट कुठे काढायचं?’’ मी म्हटलं, ‘‘सर, तिकीट नाही.’’ त्यांना पटेना. ते आत जाऊन परत बाहेर आले, पाटी शोधली, मग गेले.

आत मायकेलअँजेलोचा मोझेस आहे, म्हणजे आमचे हजरत मूसा. आमच्याकडे पैगंबरांचं चित्र किंवा मूर्ती करत नाहीत. बेगमने ‘अलैहिस्सलाम’ म्हटलं आणि ती खांबाआड बाकावर बसली. मी पुढे गेलो. पोप दुसऱ्या ज्यूलियसच्या कबरीसाठी केलेली ही मूर्ती. हाताच्या शिरा मोजता येतील अशा. डोक्यावर दोन शिंगं! त्याचं कारण कवीला ऐकण्यासारखं आहे. हिब्रू ग्रंथात, मूसा पर्वतावरून उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यातून तेज फाकत होतं अशा अर्थाचा शब्द आहे. तो ‘शिंग’ या शब्दाचा सख्खा भाऊ. सुमारे १६०० वर्षांपूर्वी संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना शिंगाचा अर्थ धरला, आणि पुढे शतकानुशतकं शिल्पकारांनी तो दगडात कोरला. भाषांतर करणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगत असतो. सर मात्र काहीच बोलत नव्हते. तासाभराने त्यांनी पिशवीतून तो पुठ्ठा काढला. इथवर आणला होता, आम्हाला पत्ता नव्हता. पुठ्ठा मूर्तीसमोर धरून म्हणाले, ‘‘गुडघा बघा. मी पोरांना गुडघा चुकीचा शिकवला. चित्रात तो सावलीत गेलाय.’’

कॅराव्हॅज्जोची चित्रंही अशीच चर्चमध्ये टांगलेली आहेत. पियाझ्झा नवोनाजवळ सान लुइजी चर्चमध्ये संत मॅथ्यूची तीन मोठी चित्रं आहेत. कोनाडा अंधारा. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. मग सगळे एकमेकांकडे बघतात, पुढचं नाणं कोण टाकणार! जपानी, जर्मन, सोलापूरकर, या बाबतीत सगळी माणसं सारखी.

तिथून चार पावलांवर सांतागोस्तिनो. तिथल्या चित्रात मेरी लहानग्याला घेऊन दारात उभी आहे आणि समोर दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून बसले आहेत, आपल्याकडे पाठ करून. त्यांचे तळवे थेट आपल्या डोळ्यांसमोर येतात. मळलेले, धुळीने भरलेले. आम्ही पंढरपूरच्या जिल्ह्यातली माणसं. आषाढात असे तळवे आमच्या दारावरून जातात, लहानपणी अम्मी त्या लोकांना पाणी द्यायची. चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रात ते पाय भेटले, तेव्हा बेगमने एवढंच म्हटलं, ‘‘अहो, हे तर आपल्याकडचेच.’’ नंतर दोन दिवस आम्ही पुन्हा तिथे गेलो. घाईच्या सहलीत हे ‘पुन्हा’ जमत नाही.

पँथिऑन २०२३ पर्यंत फुकट होतं, आता पाच युरो घेतात. द्यावेत. घुमटाला वर भोक आहे, पाऊस आला तर आत पडतो. सरकारी संग्रहालयं आणि कोलोसियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, व्हॅटिकनची संग्रहालयं शेवटच्या रविवारी. पण त्या रांगा यात्रेतल्या रांगांसारख्या असतात. पाय दुखणाऱ्यांनी पैसे मोजलेले बरे. सेंट पीटर्सला मात्र तिकीट नाही. सकाळी सातला उघडतं तेव्हा जा, ‘पिएता’समोर शांतपणे उभं राहता येतं. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आपल्या बायकांना त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळखांब आहेत, त्यातून गार पाणी अखंड वाहतं. तोटीच्या आकारावरून लोक त्यांना ‘नाझोनी’, म्हणजे मोठ्या नाकाचे, म्हणतात. कॉफी उभ्याने प्यायची, बसलं की दर वाढतो. पिझ्झा वजनावर, कात्रीने कापून मिळतो. हलालची काळजी नको. तेर्मिनी स्टेशनाच्या पलीकडे बांगलादेशी दुकानांची रांग आहे. ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीट आतल्या खिशात ठेवा.

रोममधली आणखी एक जागा माझ्या हट्टाची. पिरॅमिडजवळचं जुनं कबरस्तान. तिथे कीट्स आहे. १८२१ मध्ये, २५ व्या वर्षी गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे दगडावर त्याचं नाव नाही. नाव शेजारच्या कबरीवर आहे, शेवटपर्यंत त्याची सेवा करणाऱ्या मित्राच्या. दाराशी पेटीत यथाशक्ती टाकायचे. आमच्या कॉलेजात हा कवी परीक्षेला होता. त्याच्याजवळ गवतावर बसून मी फातिहा पढलो. त्याला चालेल की नाही, हे विचारायची सोय नव्हती.

पॅरिस महाग आहे, हे खरं. लूव्रचं तिकीट युरोपबाहेरच्या माणसाला जानेवारी २०२६ पासून ३२ युरो झालं. तरी सरांनी ते काढलं आणि उघडल्यापासून बंद होईपर्यंत आत राहिले. हा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघं त्या दिवशी कार्नावालेला गेलो. हे पॅरिस शहराचंच संग्रहालय. नगरपालिकेच्या संग्रहालयांचा कायमचा संग्रह फुकट असतो: कार्नावाले, पेती पाले, व्हिक्टर ह्यूगोचं घर. नोत्र-दाम २०१९ च्या आगीनंतर ८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा उघडलं, तिथेही तिकीट नाही. मंगळवारी लूव्र बंद असतं, हे ध्यानात ठेवा.

पेर लाशेझच्या दफनभूमीत बाल्झाक, शोपाँ, ऑस्कर वाइल्ड आहेत. लोक त्यांच्यासाठी जातात. तिथेच आपले जे. आर. डी. टाटाही आहेत. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये जन्मले, १९९३ मध्ये जिनिव्हात वारले आणि इथे आईवडिलांच्या शहरात परतले. आई फ्रेंच. आम्ही तिथे पोहोचेपर्यंत उन्हं उतरली होती. हिवाळ्यात दिवस लहान, हा स्वस्ताईचा एक दंडच म्हणायचा.

थंडीने गारठलो की मोठ्या मशिदीच्या चहाघरात जायचं. १९२६ ची मशीद, निळ्या-हिरव्या फरशा, काचेच्या छोट्या पेल्यात पुदिन्याचा गोड चहा. जेवायला ला शापेल. तिथे तमिळ लोकांची वस्ती आहे, डोसा मिळतो आणि तोही परवडणारा. हॉटेलात नळाचं पाणी मागा, फुकट देतात. आणि आमच्या वयाच्या मंडळींच्या मनातला प्रश्न: रस्त्यावरची स्वयंचलित स्वच्छतागृहं पॅरिसमध्ये फुकट आहेत. रोममध्ये मात्र कॉफी घ्यावी लागते.

बाकीच्या शहरांचं थोडक्यात. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याने ऐकण्याची स्वस्त तिकिटं असतात. जागा धरायला लोक कठड्याला गळपट्टा बांधतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच. बर्लिनमध्ये संसदेच्या काचेच्या घुमटावर फुकट जाता येतं, फक्त आधी नाव नोंदवायचं. लंडनला वेगळा व्हिसा लागतो, पण ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए, सगळ्यांचे कायमचे संग्रह फुकट. किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतलं. मराठी माणसाने लंडनची सुरुवात तिथून करावी.

तर हिशेब. विमान, व्हिसा, खोली सोडून आमचं तिघांचं रोजचं खाणं-फिरणं मिळून ८० युरोच्या आत बसलं. लूव्रचा दिवस सोडून.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक सोय झाली आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले, तर पुढे दोन वर्षांचा मिळू शकतो. ड्रॉइंगच्या सरांनी तेवढ्यासाठी आता माद्रिद धरलंय. प्राडो संग्रहालय रोज संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट असतं. वेलाझ्केझ, गोया सगळे तिथे. मी म्हटलं, ‘‘सर, दोन तासांत काय बघून होणार?’’

‘‘रोज जाऊ की,’’ सर म्हणाले.