कुरणांचा कस



पनवेलसारख्या विपुल पर्जन्याच्या मुलखात भरलेल्या परिषदेत शुष्क माळावरील गवताविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु दिवाळी सरली की भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील धनगर आपले वाडे घेऊन घाट उतरतात आणि भाताच्या खाचरांत मेंढ्या बसवून त्याचा मोबदला धान्याच्या वा रोकडीच्या रूपाने घेतात, हा परिपाठ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दोहोंचा संबंध निराळा सांगावयास नको. दिवसा उतारावर चरलेल्या मेंढीच्या पोटातून तेथील नत्र व स्फुरद रात्री सखल खाचरात येऊन पडतो. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांच्या जुन्या वहिवाटीत भातजमिनीला वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन जोडलेली असे. तिच्यावरील गवत व पाला राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा तयार करण्यासाठी, भाजला जाई आणि उरलेले गवत मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होई. राबातला बराचसा नत्र धुरावाटे हवेत जाई, स्फुरद व पालाश राखेतून भाताला मिळे. खाचरे त्यावर पोसली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण उताराच्या खाती पिढ्यान्‌पिढ्या खर्चच पडत राहिला.

घाटमाथ्यापलीकडील माळाची स्थिती अधिक नाजूक आहे. शेडा, पवना, मारवेल ही गवते फुलोऱ्यावर असताना पौष्टिक असतात, आणि तीच फाल्गुनात वाळून उभी राहिली की त्यांतील प्रथिने तीनचार टक्क्यांवर, कधी त्याहूनही खाली येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीवांना चाऱ्यात सुमारे ७ टक्के प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास पचन मंदावते, आणि पुढ्यात गवताची गंजी असतानाही जनावर रोडावत जाते. अतिचराईने मारवेल हटून कुसळी माजली, तर तो ऱ्हास गुराख्यालाही दिसतो. परंतु गवत तेच, हिरवे तेवढेच, आणि आतील सत्त्व मात्र वर्षानुवर्षे विरळ होत चाललेले, हा ऱ्हास कोणत्याही डोळ्याला दिसत नाही.

तो घडू शकतो, याचा पुरावा अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या कोन्झा कुरणावरून २०२० साली प्रसिद्ध झाला. तेथे गवताचे वस्तुमान वाढत गेले आणि सुमारे तीन दशकांत त्यातील नत्र चाळीस टक्क्यांहून, तर स्फुरद निम्म्याहून अधिक घटला. त्यावर जगणारे नाकतोडेही दोन दशकांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी झाले. हवेतील कर्बवायू १९५८ साली दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे. त्या बळावर गवत वाढते, पण माती त्या प्रमाणात क्षार पुरवू शकत नाही. दख्खनचा पाऊस व माती निराळी असल्याने ते आकडे येथे जसेच्या तसे लावणे शास्त्राला धरून होणार नाही. हवा मात्र सर्वांची एकच आहे.

आपल्या पशुवैद्यक व्यवसायाला या विषयाची ओळख नवी नाही. दक्षिण आफ्रिकेत व्रायबर्गजवळच्या शुष्क कुरणांवरील गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात ती स्फुरदाच्या अभावापायी, आणि दगावतात ती त्या हाडांतील विषाने, हे आर्नल्ड थायलर यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. रोग गोठ्यात दिसला, त्याचे मूळ गवतात सापडले.

महसुली दप्तरात गायरानाचे क्षेत्र गुंठ्यापर्यंत नोंदलेले असते. त्यावरील गवताच्या कसाची नोंद हा त्या दप्तराचा हेतूच नव्हता, म्हणून ते काम आपले आहे. इंग्लंडमध्ये रॉदमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी १८५६ साली आरंभिलेला कुरणाचा प्रयोग आजही चालू आहे, आणि तेथे जपून ठेवलेल्या वाळल्या गवताच्या नमुन्यांना, ते बांधून ठेवणाऱ्यांच्या कल्पनेतही नसलेले प्रश्न आज विचारता येतात. अशी चिकाटी मला कोणत्याही महागड्या यंत्राहून मोलाची वाटते.

यास्तव अध्यक्ष या नात्याने मी पुढील ठराव मांडतो: माळरानाच्या प्रत्येक तालुक्यात एक गायरान निश्चित करावे, त्याच्या ठरावीक तुकड्यातून दरवर्षी आश्विनात फुलोऱ्यावर व फाल्गुनात वाळल्यावर गवत कापून सावलीत सुकवावे, अर्धा नमुना पृथक्करणास पाठवावा आणि अर्धा, गवताचे नाव, तारीख व त्या वर्षीचा पाऊस लिहून, हवाबंद करून जतन करावा. अनुमोदनासाठी मी हा ठराव सभेपुढे ठेवीत आहे.