शिंपल्याची साक्ष

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मालवणच्या घरी तिसऱ्यांचे कालवण झाले की शिंपले परसात टाकले जातात. पूर्वी शिंपले भट्टीत भाजून चुना करीत आणि त्या चुन्याने घरे लिंपीत. अशा क्षुल्लक वस्तूवर बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जेथे ताम्रपट नाही, शिलालेख नाही, कुलवृत्तांत नाही, तेथे मानवाच्या प्राचीन संसाराची साक्ष पुष्कळदा शिंपलाच देतो.

ही साक्ष वाचावी कशी? प्रत्येक प्रकारच्या शिंपल्याचे पाणी ठरलेले असते. समुद्रकाठच्या वाळूतला निराळा, कालावलच्या खाडीच्या मचूळ पाण्यातला निराळा आणि वर गडनदीच्या गोड्या पाण्यातला निराळा. म्हणून आज कोरड्या असलेल्या जमिनीच्या थरात गोड्या पाण्याचे शिंपले निघाले, तर तेथे पूर्वी नदी किंवा तळे असावे असा तर्क करता येतो. दोन्ही दले जोडलेली मिळाली तर तो जीव बहुधा तेथेच गाडला गेला. सुटे, झिजलेले तुकडे असतील तर ते पुराने आणलेले असावेत. नदीतील मोठ्या शिंपल्यांपैकी बहुतेकांची पिले आरंभी माशांच्या अंगाला वा कल्ल्यांना चिकटून वाढतात. म्हणजे असा शिंपला सापडला की, काटा न मिळताही, त्या पाण्यात मासे होते हे कळते. शिंपल्यातील किरणोत्सर्गी कर्ब मोजून सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतचा काळही काढता येतो.

आता मनुष्याकडे वळू. जावा बेटात सोलो नदीकाठी त्रिनिल येथे यूजीन द्युबुआ या डच डॉक्टराने १८९१ साली आदिमानवाच्या कवटीचा भाग शोधून काढला. त्याच उत्खननातील नदीचे शिंपले हॉलंडात लायडन येथील संग्रहात पडून होते. शंभरांहून अधिक वर्षांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा काहींवर स्नायू जेथे चिकटतो नेमके तेथे छिद्र पाडलेले आढळले. अशा छिद्राने शिंपला सहज उघडतो. एकावर तर नागमोडी रेषा कोरलेल्या दिसल्या. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. त्या शिंपल्यांचे वय निदान ४,३०,००० वर्षे ठरले. पेटीतील शिंपले बोलू शकले, कारण ते कोठून आले हे लिहून ठेवलेले होते.

आपल्या महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले. तेथे नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. गोदावरी-प्रवरेच्या जुन्या गाळात गोड्या पाण्याचे शिंपलेही आढळतात. कोकणात मात्र काम कठीण आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी. तीत हाड आणि शिंपला दोन्ही विरघळतात. शिवाय सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. त्या वेळचा किनारा आता पाण्याखाली आहे. आपल्या मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, हे भूषणावह आहे. परंतु ती कोरणारे काय खात होते, तेव्हा खाडी कोठवर होती, हे कातळ सांगत नाही. सांगेल तर एखादा वाचलेला शिंपल्यांचा थर सांगेल.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही शाळेत असताना एका विद्यार्थ्याने विहीर खणताना निघालेले मूठभर शिंपले आणून दिले. आम्ही त्यास शाबासकी दिली, शिंपले कपाटात मांडले. पण विहीर कोणाची, किती हात खोलीवर, सोबत माती कोणती, हे विचारलेच नाही. पुढे तो मुलगा मुंबईस गेला, विहीर बांधली गेली. ते शिंपले आजही आमच्यापाशी आहेत, पण मुके आहेत. साक्षीदार आम्हीच मुका केला.

म्हणून विनंती एवढीच की, विहिरीत, घराच्या पायात, खाडीकाठच्या खणतीत शिंपल्यांचा थर लागला तर तो उधळू नये. आहे तेथेच छायाचित्र घ्यावे, जागा व खोली लिहावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. विशेषतः राख वा दगडी हत्यार जवळ दिसले तर हात लावू नये.

आपण या मेळाव्यात आपल्या ज्ञातीचा इतिहास जपतो, वंशावळी छापतो. ते योग्यच आहे. परंतु ज्याने या किनाऱ्यावर पहिल्यांदा शिंपला फोडून लेकराच्या हाती दिला, त्याचे नाव कोणत्याच वंशावळीत नाही. तो सर्वांचाच पूर्वज मानावा. त्याच्या उष्ट्याची खूण सांभाळणे हेही पितृऋणच आहे.