ओव्हरक्लॉकिंग: प्रोसेसर किती पळवायचा आणि कशासाठी?

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला, "दादा, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू का?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण त्या एका ओळीमागे बरंच काही आहे, आणि मला त्यावर बोलायला आवडतं, म्हणून हा भाग.

आधी जरा मागे जाऊ. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आणला. प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार असतो: बसचा वेग गुणिले एक ठरलेला गुणक. इथे ६६ मेगाहर्ट्झ गुणिले ४.५, म्हणजे ३००. गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता, पण बस मदरबोर्डच्या हातात. लोकांनी ती १०० केली आणि ३०० चा प्रोसेसर सरळ ४५० वर पळायला लागला. दीडपट! तेवढा वेग त्या वेळी इंटेलच्या सगळ्यात महागड्या पेन्टियम टूचा होता. ओव्हरक्लॉकिंगचं वेड घरोघरी पोचलं ते अशा प्रोसेसरांमुळे. पुढे एएमडीच्या ॲथलॉनवर लोक शिसपेन्सिल घासायचे. चिपच्या पाठीवर तोडलेले बारीक पूल ग्राफाइटने जोडले की गुणक मोकळा व्हायचा. खरंच, दोन रुपयांच्या पेन्सिलीने.

हे जमायचं कारण एकच. कंपनी चिपमधली बरीच ताकद वापरायचीच नाही, शिल्लक ठेवायची. आज ती शिल्लक ठेवत नाही. टर्बो, बूस्ट वगैरे जी नावं आपण बॉक्सवर वाचतो, ते म्हणजे कंपनीने स्वतःच केलेलं ओव्हरक्लॉकिंग आहे. चिप सेकंदाला कित्येकदा स्वतःचं तापमान, करंट आणि व्होल्टेज बघते आणि जमेल तेवढं पळते. त्यामुळे आपल्या हाताला उरतं ते फार थोडं, आणि त्या थोड्याची किंमत मोठी.

किती मोठी? एक सूत्र लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या *वर्गाच्या* पटीत वाढते. वेग वाढवायचा तर ट्रान्झिस्टर पटापट चालू-बंद व्हायला हवेत, त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं. समजा दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहेतीस टक्के जास्त वीज. आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते, दुसरं काहीही होत नाही.

आता ही उष्णता जाते कुठे? चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात, तिथून थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळात, मग पत्र्यांत, आणि पंख्याच्या वाऱ्यावर खोलीत. शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे: खोलीत. एअर कूलर असो की पाण्याचा, तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश, एवढंच ठरवतो. परदेशातल्या रिव्ह्यूमधले आकडे २१-२२ अंशांच्या एसी खोलीतले असतात. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ असतं.

यावरून माझ्या अकोल्याच्या मित्राची गोष्ट सांगतो. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. रायझन ५ ५६००एक्स, बी४५० बोर्ड, बऱ्यापैकी एअर कूलर. डिसेंबरात त्याने एक व्हिडिओ बघून सगळे सहा कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर बांधून टाकले, व्होल्टेज १.३५. दोन तास टेस्ट चालवली, पास. रेंडर पटापट. खूश. आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. दिवसाआड लग्न, आणि मशीन रेंडर करता करता बंद. त्याचा फोन आला, "काऊन बंद पडून रायलं बे हे? नवरीकडले रोज फोन करून रायले."

हिशोब मांडला. त्या सेटिंगवर रेंडर करताना प्रोसेसर साधारण १०० वॉट खात होता आणि त्याचा कूलर तेवढ्या भाराला चिपला खोलीपेक्षा ५५ अंश वर ठेवत होता. डिसेंबरात खोली २०, म्हणजे चिप ७५. मस्त. मे महिन्यात दुपारी कूलर लावूनही खोली ३६. म्हणजे चिप ९१. या चिपची कमाल मर्यादा ९५ आहे, म्हणजे मर्यादेच्या आतच. मग बंद का पडते? कारण चिप तापली की त्याच वेगासाठी तिला आणखी थोडं व्होल्टेज लागतं. डिसेंबरात जेमतेम पुरणारं १.३५ मे महिन्यात अपुरं पडत होतं. थंडीत पास झालेली टेस्ट ही फक्त थंडीची टेस्ट होती.

आणि मशीन बंद पडणं हा खरं तर त्यातल्या त्यात बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे मशीन चालू राहतं आणि मधेच एखादी बेरीज चुकते. कॅमेऱ्याच्या कार्डवरून फुटेज डिस्कवर कॉपी होताना तो डेटा याच प्रोसेसर आणि रॅममधून जातो. कॉपी झाली म्हणून कार्ड फॉरमॅट होतं, कारण उद्या दुसरं लग्न. एखादी फाइल बिघडलेली असली तर कळणार पंधरा दिवसांनी, आणि सप्तपदी काही परत शूट करता येत नाही. गेमिंगच्या मशीनला क्रॅश झाला तर शिव्या देऊन पुन्हा चालू करता येतं. ज्या मशीनवर घर चालतं त्याचा हिशोब वेगळा.

मग आम्ही फोनवरच बांधलेला वेग काढून टाकला. चिपला परत तिच्या मूळ ७६ वॉटच्या मर्यादेत सोडलं आणि बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून सगळ्या कोअरना उणे १५ दिलं. याला म्हणतात अंडरव्होल्टिंग: प्रत्येक वेगाला कंपनीने ठरवलेल्या व्होल्टेजपेक्षा थोडं कमी द्यायचं. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. परिणाम? रेंडरमध्ये ४.४ गिगाहर्ट्झ, सुमारे १.२ व्होल्ट, आणि त्याच ३६ अंशांच्या खोलीत चिप ७८ वर. तासाभराचं रेंडर जेमतेम तीन मिनिटांनी लांबलं. तीन मिनिटांसाठी तो बत्तीस टक्के जास्त वीज जाळत होता! आणि एकाच कोअरचं काम असेल तर ४.६ कंपनीनेच दिलेलं आहे, ते आपोआप मिळतं.

अजून एक: त्याने कॅबिनेट अगदी पाण्याच्या कूलरच्या तोंडाशी ठेवलं होतं. असं करू नका. थंड हवा मिळते हे खरं, पण तुषार आणि दमट धूळ आत जाऊन पत्र्यांवर लेप बसतो.

आता अंडरव्होल्ट कसं तपासायचं, कारण इथे लोक फसतात. व्होल्टेज फार कमी केलं तर पूर्ण भारावर चालणारी टेस्ट पास होते आणि मशीन नुसतं ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतं. कारण सगळे कोअर कामाला लागले की वेग कमी असतो. एकटा कोअर मात्र कमाल वेगाला जातो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून कोअरसायकलरसारखा प्रोग्रॅम रात्रभर लावा, तो एकेक कोअर वेगळा तपासतो. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या नोंदी आहेत का बघा. एक जरी दिसली तरी पाच पायऱ्या मागे या. आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' बघा. कधी कधी चिप वर ४.६ दाखवते आणि व्होल्टेज पुरत नाही म्हणून आतून हळू चालते.

ज्यांना तरीही हाताने व्होल्टेज लावायचंच आहे, त्यांच्यासाठी: बायोसमध्ये लिहिलेलं आणि चिपला मिळणारं व्होल्टेज एक नसतं. भार आला की ते खाली येतं, नळ उघडल्यावर टाकीचा दाब पडतो तसं. हे थांबवायला लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं आणि लोक ते सर्रास सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवतात. मग भार अचानक गेला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. ती उसळी सॉफ्टवेअरला दिसतसुद्धा नाही. मधली लेव्हल ठेवा.

व्होल्टेज जास्त झालं की काय होतं हे कंपन्यांनीही अनुभवलंय. २०२३ मध्ये काही रायझन ७ ७८००एक्स३डी चिप सॉकेटमध्येच जळल्या, आणि एएमडीने एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या चिप कुरकुरायला लागल्या. त्या स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि हळूहळू झिजत होत्या. इंटेलने मायक्रोकोडमधून मागणीला १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल आणि बायोस अपडेट केला नसेल, तर हा भाग इथे थांबवा आणि आधी ते करा. झिजलेली चिप अपडेटने पूर्ववत होत नाही.

द्रव हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झ गाठणारे लोक आहेत. २०२४ मध्ये इंटेलच्या १४९००केएसवर ९.१ सुद्धा झालं. बघायला मला फार आवडतं, फॉर्म्युला वनसारखं. तशी गाडी घेऊन कोणी भाजी आणायला जात नाही, एवढंच.

सुरू करण्याआधी एक काम करा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत 'क्लिअर सीमॉस'चा जंपर कुठे आहे ते शोधून त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्क्रीन काळी झाल्यावर त्याच कॉम्प्युटरवर शोधता येत नाही. आणि ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, एएमडीचं पीबीओ चालू करणंही त्यातच धरतात.

तुमच्या खोलीचं तापमान, प्रोसेसर आणि भारावरचा आकडा, हे तिन्ही लिहून पाठवा. नुसतं "खूप तापतंय" यावरून मला काही सांगता येत नाही. पुढच्या भागात पॉवर सप्लाय आणि इन्व्हर्टर. भेटू!