आईची तक्रार कागदावर येऊ द्या

(तालुका वैद्यकीय संमेलन, वळसंग : अध्यक्षीय भाषण)



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते खुली झालेली विहीर ज्या वळसंग गावात आहे, तिथे सार्वजनिक आरोग्यावर बोलायला मिळणं हा मी सन्मान समजतो. अध्यक्षांनी बालआरोग्याचा आढावा घ्यावा, असं निमंत्रणपत्रात छापलं आहे. कुपोषण, डेंगी, अँटिबायोटिकचा अतिवापर यांवर सकाळपासून चांगले निबंध वाचले गेले. त्यांत मी घालावी अशी भर नाही. एक गोष्ट मात्र कैक वर्षं मनात साठली आहे, ती आज बोलणार आहे.

लस दिल्यावर मुलाच्या अंगावर पुरळ येतं, जातं, पुन्हा येतं. आई विचारते, "लस दिल्यापासून सारखं उठालंय बघा, सुईमुळंच का हो हे?" आणि आपण तिला उत्तर देत नाही. काही जण मान वर न करता "काही संबंध नाही" म्हणतात. बाकीचे तितक्याच सहजपणे "लस बाधली" म्हणून मोकळे होतात. पोराचं झबलं काढून पाठ कोणी बघत नाही, डोसची तारीख कोणी विचारत नाही. पित्ताचं इंजेक्शन देऊन पाठवणी होते. मला हे सहन होत नाही.

कुंभारीच्या विडी घरकुलातून एक आई माझ्याकडे आली होती. मुलाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळालेला. तेव्हापासून दवाखाने पालथे घालून झाले होते. एकीकडे इंजेक्शन, दुसरीकडे स्टेरॉइडची ट्यूब. पुढचा डोस द्यायचाच नाही, असं घरात ठरून गेलं होतं. बाईला लिहिता येत नव्हतं, पण तिने शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलीला सांगून, अंगावर उठलं त्या त्या दिवसाला कॅलेंडरवर पेनाने गोल करून ठेवला होता. ते कॅलेंडर भिंतीवरून उतरवून, घडी घालून तिने पिशवीतून आणलं. माझ्या टेबलावर एवढा चोख केसपेपर क्वचितच आला असेल.

पहिला गोल डोसनंतरच्या आठव्या दिवशी होता. ताप, बारीक लाल पुरळ, दोन दिवसांत साफ. हे लसीचंच होतं. लसीतला दुबळा केलेला विषाणू शरीरात वाढतो तेव्हा, साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना असं पुरळ येतं आणि आपोआप जातं. मधले गोल सर्दी-तापाच्या दिवसांतले. तेव्हा अंगावर गांधी उठत, सकाळी मांडीवर तर संध्याकाळी पाठीवर. लहान मुलांत याचं नेहमीचं कारण विषाणूचा संसर्ग. दोन महिन्यांपूर्वीच्या सुईशी त्याचं नातं नाही. शेवटचे गोल एकमेकांना लागून होते. रात्र झाली की पोर खाजवून खाजवून रडायचं. मी बरोबर आलेल्या आजीचे हात बघितले. बोटांच्या बेचक्यांत खरूज. बाळाच्या तळव्यांवरही तेच, स्टेरॉइडच्या ट्यूबने झाकलेलं. सगळ्या घराला एकाच रात्री औषध लावायला सांगितलं, कपडे-अंथरुणं गरम पाण्यातून काढायला लावली. पुरळ थांबलं.

म्हणजे "संबंध नाही" म्हणणारे चुकले होते आणि "लस बाधली" म्हणणारेही चुकले होते. आईचा पहिला संशय खरा होता. तेवढं मी तिला कबूल केल्यावरच बाकीचं तिने ऐकून घेतलं. पुढचा डोस तिने वेळेवर दिला आणि उपकेंद्रात अर्धा तास बसून राहिली.

मघाच्या चर्चासत्रात वाद झाला, की पुरळ येऊ शकतं हे आधी सांगितलं तर आया घाबरतात. माझ्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षं आधीच सांगत आलो आहे. ज्यांना सांगितलं त्या आठव्या दिवशी विचारायला येतात. ज्यांना कोणी सांगितलेलं नसतं त्या येत नाहीत, आणि दुसऱ्या डोसलाही येत नाहीत. 2022 च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली, तेव्हा डोस चुकलेल्या मुलांच्या याद्या करत सगळे धावले. त्या मुलांच्या किती आयांना कधीकाळी दारातून परत पाठवलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

दुसरा वाद, गांधी उठलेल्या मुलाला पुढचा डोस द्यावा का. वेळ विचारा. सुईनंतर काही मिनिटांत, तासाभरात गांधी उठल्या, श्वास लागला, मूल गळून गेलं, तर ती ॲलर्जी; तिथे ॲड्रेनॅलिन हाताशी हवं आणि पुढचा डोस तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको. आठवड्यांनी उठलेल्या गांधींसाठी डोस अडवणं हा मुलावर अन्याय आहे.

आणि हे सगळं लिहून ठेवा. 1902 साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत बनलेली; ठपका ती लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर आला. त्याच दिवशी बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नव्हतं. सगळे मृत्यू एकाच बाटलीचे होते. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे साक्षीत नोंदलेलं होतं. हाफकिन निर्दोष ठरायला 1907 उजाडलं, पण ठरले ते या नोंदींमुळे. लसीवर विश्वास ठेवणाऱ्याने नोंदीला भिण्याचं कारण नाही.

आपल्याकडे लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांसाठी जिल्हा समिती आहे, अर्ज आहे, किरकोळ घटना नोंदवायचीही सोय आहे. खाजगी डॉक्टरांना ते सरकारचं काम वाटतं. सिस्टरला वाटतं, लिहिलं तर आपल्यावरच शेकेल. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की नोंद करणाऱ्या सिस्टरकडे खुलासा मागू नका. वर्षभर जिची वही कोरी आहे तिला विचारा.

मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत आयांसाठी एक साधा कागद काढावा, असं मनात आहे. त्याचं स्वरूप कार्यकारिणीने बसून ठरवावं. मी हवी ती मदत करीन. पण त्या कागदाची वाट बघू नका. उद्या सकाळी जी आई ही तक्रार घेऊन येईल, तिला डोसची तारीख विचारा, मुलाचं अंग उजेडात बघा आणि ती सांगेल ते तिच्यासमोर लिहून घ्या.