ठिपक्यांतून छाया

चेन्नईतील एग्मोरच्या शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत. त्यांतील स्त्रीच्या गालावरून उजेड हळूहळू मावळत जातो. याच चित्रकाराचे देवघरात लागणारे एखादे जुने छापील चित्र भिंगाखाली धरले, तर तेथे मावळणारा उजेड दिसत नाही. दिसतात ते नुसते ठिपके.

चित्रकाराला कुंचल्याने रंग पातळ करता येतो. छपाईच्या शाईला ती सोय नाही. ती कागदावर उमटते किंवा उमटत नाही. म्हणून गडद आणि उजळ यांमधल्या छटा डोळ्याला फसवूनच निर्माण कराव्या लागतात. ठिपके दाट आले की छाया वाटते, विरळ आले की उजेड.

या छापील चित्रांच्या कथेत मद्रासचा एक मराठी माणूस आहे. कुंभकोणम् येथे १८२८ साली तंजावरी मराठी घराण्यात जन्मलेले आणि मद्रासमध्ये शिकलेले टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण होते. चित्रांची मागणी एका चित्रकाराच्या हातांनी पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असे त्यांनी रविवर्मांना सुचविले. १८९१ साली मद्रासमध्येच त्यांचे निधन झाले. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला.

तेथे शिळामुद्रण चाले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि त्यावर चित्र उलटे उतरवावे लागे. कारागीर तेलकट शाईने एकेक ठिपका देई. गुलाबी ठिपक्यांत पिवळे आणि निळे मिसळत, तेव्हा कोठे कांती दिसे. ठिपके जरा दाट झाले की गाल काळवंडे. विरळ झाले की चेहरा सपाट पडे. नेमके कोठे थांबावे, हे त्या हातालाच ठाऊक असे.

१८८२ साली म्यूनिकच्या गेऑर्ग मायझेनबाखने जाळीच्या साह्याने छायाचित्राचे ठिपके पाडण्याचे पेटंट घेतले. कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी या जाळीचे गणित मांडले आणि त्यांचे लेख इंग्लंडमधील 'पेनरोज' वार्षिकात छापले गेले. आता ठिपक्याचे मान यंत्र ठरवू लागले.

तरी मोठा कॅमेरा नसलेल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यांत हातांची गरज उरलीच. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई खाली उतरते, तेव्हा जाळीच्या धाग्याहून बारीक ठिपका टिकत नाही. म्हणून कारागीर दात घासण्याचा ब्रश शाईत बुडवून अंगठ्याने तुषार उडवी, खरबरीत कागदावर काळा खडू फिरवी, किंवा ठिपक्यांची तयार पारदर्शक पाने कापून चिकटवी. ती पाने जाळीच्या धाग्यांशी तिरपी लावावी लागत. नाहीतर छापात नको त्या लाटा उमटत.

मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. आज संगणक क्षणार्धात ठिपके पाडतो. जुन्या छापील चित्रांखाली रविवर्मांचे नाव वाचायला मिळते. गालावरची छाया ज्यांनी ठिपका ठिपका करून उभी केली, त्यांची नावे मात्र तेथे नाहीत.