चोथा कमी, पोषण पुरे



वसंत ऋतूतल्या या व्यासपीठावर थोर विषय मांडण्याची प्रथा आहे. आम्ही आज वरणभाताविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमचा जन्म कामगारांच्या सभांत आणि मागणीपत्रकांत गेला, आणि शिक्षण शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयातच अधिक झाले. परंतु मागणीपत्रक लिहिणाऱ्याला घरखर्चाचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब शेवटी चुलीपाशी येऊन थांबतो.

याच नारायण पेठेत, जिथे एके काळी छापखान्यांची खडखड ऐकू येई, एका पुस्तकबांधणी कामगाराचा आठ वर्षांचा मुलगा आतड्याच्या दुखण्याने आजारी पडला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले, ‘काही आठवडे कमी चोथ्याचा आहार.’ आईने अर्थ लावला, पोटाला विश्रांती द्यायची. चार दिवस पोर नुसत्या पेजेवर राहिले आणि उठताना भिंत धरू लागले. चिठ्ठी बरोबर होती. तिचा अर्थ स्वयंपाकघराच्या भाषेत कोणी सांगितला नव्हता. तेवढाच आजचा आमचा प्रयत्न.

चोथा म्हणजे अन्नाचा न पचणारा भाग : साल, बी, कोंडा, रेषा. तो मळाचे प्रमाण वाढवतो. आतड्याला सूज असेल, वाट एखाद्या जागी अरुंद झाली असेल, किंवा शस्त्रक्रिया ताजी असेल, तर हाच भाग तिथे अडकू शकतो, कळा आणतो. म्हणून काही काळ तो कमी करतात. त्याने आजार बरा होत नाही. त्रास कमी होतो. आणि चोथा कमी करणे म्हणजे अन्न कमी करणे नव्हे.

इथे आपल्या नेहमीच्या शिकवणीची उलटापालट होते. गांधीजींनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. आफ्रिकेत काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७२ साली सहकाऱ्यांसह चोथ्याचे महत्त्व जगापुढे मांडले. निरोगी माणसाला ते आजही लागू आहे. कष्टकऱ्याची भाकरी आणि उसळ हे उत्तम अन्न आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा दिला आहे, बाजरीत आणि कणकेत सुमारे ११, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात सुमारे ३. एरवी ज्या पांढऱ्या तांदळाला आपण नावे ठेवतो, तोच या मुलासाठी काही आठवड्यांचे पथ्य होतो.

आता दिवसाची आखणी. सकाळी तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, मिरची न घालता. किंवा पांढरा पाव आणि लोणी. मधल्या वेळी पिकलेले केळे, किंवा साल-बी काढून शिजवलेले सफरचंद. दुपारी मऊ भात, तूप, मीठ, आणि मुगाच्या डाळीचे वरण चांगले शिजवून, चाळणीतून गाळून. मऊ भातावर मेतकूट हवेच, हा आपला पुणेरी नियम. पण मेतकुटात भाजलेल्या डाळी आणि मसाले असतात, तेव्हा तूर्त ते बाजूला. भाजी दुधीची, साल व बिया काढून, मऊ शिजवलेली. नाहीतर सोललेल्या बटाट्याची. संध्याकाळी साबुदाण्याची खीर. खिचडी नको, कारण तिच्यात दाण्याचे कूट. रात्री पुन्हा भात, आणि ज्या घरी चालते तिथे उकडलेले अंडे किंवा काटे काढलेली मऊ मासळी. शाकाहारी घरात पनीर आणि दही. दूध सोसते की नाही आणि किती द्यायचे, हे डॉक्टरांना विचारावे.

वर्ज्य काय? पालेभाज्या, मटकी, चवळी, हरभरे, पेरू, अंजीर, तीळ, शेंगदाणे, ओले-सुके खोबरे. फोडणीतली मोहरीसुद्धा गाळावी.

दोन गोष्टी विसरू नयेत. वरण गाळले की डाळीतला काही भाग चाळणीत राहतो. म्हणून प्रथिने दही, पनीर, अंडे यांतून भरून काढावी लागतात. भाज्या-फळे कमी झाली की जीवनसत्त्वेही घटतात. मोसंबीचा गाळलेला रस चालेल का, हे विचारून घ्यावे. थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे, पाणी भरपूर द्यावे, वजन लिहून ठेवावे. पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या, शौचास बंद झाले, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. आणि पथ्य कधी संपवायचे हेही डॉक्टरांनाच विचारावे. वाढत्या मुलाला ते कारण नसता महिनोन्‌महिने चालवू नये.

आता आमच्या नेहमीच्या विषयाकडे येतो. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे सूत्र ठरवले. एका मिळवत्यामागे तीन घटक : पुरुष १, स्त्री ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने दर घटकास २७०० उष्मांक. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार इत्यादींसाठी आणखी पंचवीस टक्के जोडले. या सूत्रासाठी आम्ही आयुष्यभर भांडलो आणि पुढेही भांडू. पण ०.६ या आकड्यात दूध आणि पनीर वेगळे दिसत नाही. घरात सगळ्यांची भाकरी होत असताना एका मुलासाठी दुसरे पातेले चढवणाऱ्या आईचा तास तर कोणत्याच रकान्यात नाही. ती स्वतः कामावर जाणारी असेल, तर हा तास तिच्या झोपेतून कापला जातो.

म्हणून आमची मागणी आहे, आणि ती आधी घरातल्या पुरुषांकडे आहे : वरण गाळायला शिका. दुसरी शाळांकडे. १९९५ पासून चालत आलेल्या शालेय पोषण आहाराने लाखो मुलांना दुपारचे जेवण दिले. परंतु त्यातली मटकीची उसळ या मुलाला चालणार नाही. त्याला घरचा डबा आणू द्या, आणि सगळ्यांच्या पंगतीत बसवा. वेगळ्या कोपऱ्यात नको. तिसरी दवाखान्यांकडे. ‘कमी चोथ्याचा आहार’ असे लिहाल, तिथे खाली मराठीत दहा पदार्थ चालणारे आणि दहा न चालणारे लिहा. कागदाच्या त्या चार ओळींना खर्च येत नाही, आणि एखादे मूल उपाशी राहण्यापासून वाचते.